ओळखीचा भाव

३ जानेवारी

धाकट्यास,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण घरचा नवा पत्ता तू कळवलेला नाहीस आणि मीही विचारलेला नाही. पाकिटावर ‘खासगी’ असं लिहिलंय. तुमच्याकडे त्याचा उपयोग होतो का ते माहीत नाही. आमच्याकडे तसं लिहिलं की ते पाकीट सगळ्यात आधी उघडतात.

पैसे मागायला लिहीत नाहीये हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. आई बरी आहे. घराला रंग दिलेला नाही, पण घर गळतही नाही.

चार वर्षांनी लिहायचं कारण म्हणजे तुमच्या ऑफिसचं ते जाडजूड पुस्तक आमच्या सरकारी ऑफिसात येऊन पोचलं. सगळ्या देशांचं दरडोई उत्पन्न, त्या-त्या देशातल्या स्वस्ताई-महागाईचा हिशोब धरून. त्यात आपला देश एक पायरी वर चढलाय. मोठ्या साहेबांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. चहा-बिस्किटं झाली. मग ते म्हणाले, “चोवीस वर्षं उन्हातान्हात फिरून ज्यांनी भाव गोळा केले, त्या आपल्या ताई इथे बसल्या आहेत.” टाळ्या पडल्या, मला उभं राहावं लागलं. माझी चप्पल टेबलाखाली कुठेतरी गेली होती, त्यामुळे एका पायावर उभी राहिले. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, आकडे तपासणाऱ्यांच्या यादीत, तुझं नाव आहे. ते मी कुणाला दाखवलं नाही. देशाचे आकडे चारदोन घरांतच ठरतात असं लोकांना तसंही वाटतं.

आता कामाचं. समजा, एखाद्या देशाचे भाव मुळातच चुकीचे गोळा झाले असतील, कुणी मुद्दाम केलं नसेल, पण झाले असतील, तर छापून झालेला आकडा परत उघडता येतो का? अर्ज कुणी करायचा, आणि किती दिवस लागतात? माझ्या ओळखीच्या एका बाईला ही माहिती हवी आहे.

दोन ओळींत उत्तर दिलंस तरी चालेल.

ताई


१९ जानेवारी

धाकट्या,

तुझ्या चार ओळी मिळाल्या, म्हणजे मागितल्याच्या दुप्पट. पहिल्या तीन नियमांच्या. एक, त्या देशाच्या कार्यालयाने लेखी विनंती करावी. दोन, कार्यालय तयार नसेल, तर भाव गोळा करणाऱ्याने स्वतः सहीनिशी दोष कबूल करावा, मग फेरतपासणी करावीच लागते. तीन, वेळ लागतो. आणि चौथी ओळ, “ती बाई तूच ना?”

हो, मीच. चोराच्या मनात चांदणं.

गेल्या जूनमध्ये मी ऑफिसच्या जिन्यावरून पडले आणि घोटा मोडून घेतला. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये. माझ्या भागातले भाव आणायला नवीला पाठवलं. नवी म्हणजे त्याच्या आधीच्या मार्चमध्ये लागलेली मुलगी. बोलायला तुसडी. दुकानात जाते, भाव विचारते, लिहिते, निघते. कुणी चहा विचारला तर ‘नको’ म्हणताना हसतसुद्धा नाही. तिने आणलेले भाव माझ्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त होते. तुमच्या यादीतला तांदूळ, लांब दाण्याचा, सुटा, शंभरात पाचापेक्षा कमी तुकडा, एक किलो. मी मे महिन्यात बावन्न लिहिला होता, तिने जूनमध्ये अडुसष्ट लिहिला. पुरुषाचे केस कापणं, साधं, दाढी धरायची नाही. माझे साठ, तिचे ऐंशी. शर्टाची शिलाई, कापड गिऱ्हाइकाचं. माझे अडीचशे, तिचे साडेतीनशे. महिन्याभरात एवढी महागाई लढाईतसुद्धा होत नाही.

साहेब म्हणाले, “पोरगी कच्ची आहे.” मीही तेच म्हणाले, आणि जरा मोठ्याने म्हणाले. नियमाप्रमाणे तिचा कागद माझ्या मागच्या कागदांसोबत तुमच्याकडे गेला, आणि तिथे कुणीतरी तो बाद केला. छापून आले ते माझेच भाव. मला बरं वाटलं होतं हे लपवत नाही.

पण प्लास्टर निघालं तरी ते सोळा डोक्यातून निघेनात. बावन्न आणि अडुसष्टमधले सोळा. म्हणून मागच्या महिन्यात मी आमच्या शेजारणीला, जी शाळेत घंटा वाजवते तिला, त्याच किराणावाल्याकडे तोच तांदूळ घ्यायला पाठवलं. एकोणसत्तर. अर्ध्या तासाने मी माझा कागद घेऊन गेले. काका म्हणाले, “लिहा ताई, बावन्न.”

मी शेजारणीची पिशवी त्यांच्यासमोर ठेवली. काकांना जराही लाज वाटली नाही. म्हणाले, “तुम्हाला कसं सांगू हो जास्त? चोवीस वर्षं येताय.”

“काका, मी घेत कुठे आहे? मी नुसतं विचारते. कागदावर लिहायला.”

“तेच तर. चोवीस वर्षांत कधी पावशेर साखरही नेली नाहीत. निदान भाव तरी तुम्हाला चांगला द्यावा माणसाने. आणि सरकारात आपली स्वस्ताई दिसली तर बिघडलं कुठे?”

मग मी सलूनमध्ये गेले, शिंप्याकडे गेले, सायकलवाल्याकडे गेले. सगळीकडे तेच. मला एक दर, जगाला एक दर. ज्या दुकानात भाव विचारायचा तिथे स्वतःसाठी काही घ्यायचं नाही, हा माझाच नियम. कुणी मिंधं करायला नको म्हणून केलेला. त्यामुळे त्यांनी सांगितलेला भाव मी कधी मोजून दिलाच नाही. आपल्या गल्लीत सगळं महाग का मिळतं, याचा मला नेहमी राग यायचा. गल्लीच चोर आहे असं वाटायचं.

एका भागापुरतं असतं तर देशाच्या आकड्यात ते कुठल्या कुठे विरघळलं असतं. पण नव्या लोकांना शिकवायचं काम सतरा वर्षं माझ्याकडे आहे, आणि माझा पहिला धडा काय, तर ओळख वाढवा. तेच दुकान, तोच माणूस. बसा, चहा घ्या, मुलाबाळांची चौकशी करा. अनोळखी माणसाला कुणी खरं सांगत नाही. असे चौऱ्याऐंशी जण मी शिकवून देशभर पाठवले. चौऱ्याऐंशी जण चहा पितायत आणि ओळखीचा भाव लिहून आणतायत. एकट्या नवीनेच माझा धडा ऐकला नाही.

पुढचं गणित तुला सांगायला नको. इथे भाव जितके कमी, तितकी आपल्या माणसाच्या खिशातल्या पैशाला तुमच्या पुस्तकात जास्त किंमत. भीड भिकेची बहीण म्हणतात. आपल्याकडे तिने सगळ्या देशाला श्रीमंत करून सोडलं.

ताई


८ फेब्रुवारी

धाकट्या,

तू विचारलंस की छापून झालंय, सगळे खूश आहेत, मग आता उकरून काढायचं कारण काय. प्रश्न रास्त आहे. मोठ्या साहेबांनीही हेच विचारलं. मी सगळं सांगितल्यावर ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले आणि म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई. तुमची अकरा महिन्यांनी निवृत्ती आहे. हात दाखवून अवलक्षण कशाला?” ऑफिसकडून विनंती जाणार नाही.

कारण आता लिहिते. पहिल्या पत्रात ‘आई बरी आहे’ असं लिहिलं होतं, ते खरं नाही. दोन वर्षं झाली, आईच्या दोन्ही किडन्या गेल्यात. दर मंगळवारी आणि शनिवारी चार-चार तास ती डायलिसिसवर असते. तू शनिवारी दुपारी फोन करतोस, तेव्हा ‘मजेत आहे रे’ म्हणते ती यंत्राला जोडलेली असते. मागचा आवाज कसला म्हणून तू एकदा विचारलंस, तर म्हणाली पंख्याचा. तुला कळवायचं नाही असं मला बजावलं होतं. मला ते सोयीचं होतं, म्हणून मीही ऐकलं.

ते केंद्र बाहेरच्या एका संस्थेच्या मदतीवर चालतं. अठरा यंत्रं आहेत आणि पेशंटला एक पैसा पडत नाही. त्या संस्थेने एक रेघ आखली आहे. दरडोई उत्पन्न त्या रेघेच्या वर गेलं की तो देश आपलं आपण बघू शकतो असं समजायचं. ती रेघ ते तुमच्या पुस्तकातल्या आकड्याला लावतात. केंद्राच्या दारावर नोटीस लागली आहे. एक एप्रिलपासून मदत बंद, पेशंटने पैसे भरायचे.

नोटीस लागली तेव्हा मी आत आईजवळ बसले होते. आईच्या बाजूच्या खुर्चीवर एक निवृत्त ड्रायव्हर असतात, मोठ्याने बोलणारे. यंत्र लावणाऱ्या मुलीने त्यांना नोटीस वाचून दाखवली. ते म्हणाले, “म्हणजे आपण श्रीमंत झालो? मग मला घरी जाऊ द्या, मोटार बाहेर उभी असेल.” सगळे हसले. आईही हसली. आपल्याला श्रीमंत कुणी केलं हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि मी आईच्या पायावरची चादर सारखी करत बसले. अठरा यंत्रांवर मिळून शंभराच्या वर माणसं येतात. त्यांतली निम्मी एप्रिलनंतर येऊ शकणार नाहीत. खरं सांगायचं तर मला त्या सगळ्यांसाठी झोप लागत नाही असं नाही. मला आईसाठी लागत नाही.

आणि एक गोष्ट. ती लिहायला मला हे तिसरं पत्र लागलं.

चार वर्षांपूर्वी तू एक कागद पाठवला होतास. आईला महिन्याला काय काय लागतं, वस्तूवार, भाव घालून. बेरीज नऊ हजार. आणि तू नेमाने नऊ हजार पाठवू लागलास. मला इथे बारा लागत होते. मी फोनवर म्हटलं, तुझा हिशोब चुकतोय. तू म्हणालास, “भाव तुझेच आहेत, ताई. तुझ्या तक्त्यातले.” त्यावर मी तुला कंजूष म्हटलं. एवढ्यावर थांबले नाही. मावशीला सांगितलं, मामांना सांगितलं, की तिकडे बसून हा आईचा तांदूळ मोजतो. पुढच्या महिन्याचे पैसे परत पाठवले. त्यानंतर तू लिहिणं बंद केलंस, ते बरोबरच केलंस.

तुझा हिशोब चोख होता. भाव खोटे होते, आणि ते माझे होते. मी तुला नको ते बोलले. माझं चुकलं. मावशीला मी परवा जाऊन सांगितलं. मामा आता नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुरतं ते तसंच राहील.

तुझी ताई


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

अकरा पानं! पोस्टमनने पाकीट हातावर तोलून पाहिलं आणि विचारलं, “जमिनीचे कागद आहेत का?”

आईचं तुझ्यापासून लपवलं म्हणून तू पहिली तीन पानं मला बोललास. तू आणखी दोन पानं बोलला असतास तरी चाललं असतं.

पण पान सातवर जे आहे ते मी दोनदा वाचलं. नवीचा कागद तूच बाद केलास. दोन कागद शेजारी ठेवल्यावर एकात काहीतरी गडबड आहे हे तुला दिसत होतं. अशा वेळी दोन्ही परत पाठवायचे हा तुमचा नियम. तू परत पाठवले नाहीस. माझं अक्षर ओळखलंस, सातच्या पोटातली माझी आडवी रेघ ओळखलीस, आणि नवीच्या कागदावर लिहिलंस, “नवशिकी. अनुभवी गोळा करणारीचे भाव ग्राह्य.” कारण ताईचं चुकणार नाही.

मला आधी रडू आलं. मग राग आला, आणि राग जास्त टिकला. अरे, चार वर्षं माझ्याशी एक शब्द बोलायचा नव्हता, आणि माझ्या तांदळावर मात्र डोळे झाकून विश्वास? दोन परके लोक असतो आपण, तर हा आकडा कधीच छापला गेला नसता. किराणावाले काका मला जपत होते, मी त्यांना जपत होते, तू मला जपत होतास, आणि त्यातून ही रेघ ओलांडली गेली. एकाच्याही मनात वाईट नव्हतं. हे चौकशीत कुणाला सांगून पटणार आहे?

तू म्हणतोस की माझ्या सहीचा कागद आला की तू तो त्याच दिवशी वर पाठवशील, आणि तुझ्या शेऱ्याचंही त्यात कबूल करशील. मग तुझं काय होईल, यावर अकरा पानांत अर्धी ओळ आहे. “माझं मी बघीन.” बरं.

सोबत कागद जोडला आहे. दोन पानी आहे. काही सजवलेलं नाही, नियमात बसेल एवढंच लिहिलंय. माझा शिकवायचा धडा जशाच्या तसा उतरवलाय आणि खाली लिहिलंय की हे चुकीचं होतं. सही करताना हात थांबला, हे तुझ्यापाशी कबूल करते. पेन्शन डोळ्यांसमोर आली. मग दुपारी आईला केंद्रावरून आणलं, तिचा हात धरून जिना चढवला, आणि घरी येऊन सही केली.

साहेबांना प्रत दिली आहे. त्यांनी पाणी मागवलं.

ताई


२४ मार्च

धाकट्या,

थोडक्यात कळवते. मला रेकॉर्ड रूममध्ये बसवलंय. खिडकी नाही, पण कुणी येतही नाही. चौकशी सुरू झाली आहे. तीन माणसं समोर बसतात आणि मी आधीच लिहून दिलेलं मला परत विचारतात. भाव नव्याने गोळा करायचं काम चालू आहे. या गावची माणसं त्या गावात, त्या गावची तिसऱ्या गावात, म्हणजे कुणाला कुणी ओळखणार नाही. शिकवायचं काम नवीकडे गेलं. ती परवा रेकॉर्ड रूममध्ये आली, माझ्या टेबलावर स्वतःचा डबा ठेवला आणि म्हणाली, “जेवलात?” तिच्याकडून हे फार झालं.

वर्तमानपत्रात आलं. मथळा होता, ‘देशाला गरीब ठरवण्याचा घाट’. त्यात ‘एका वयस्क महिला कर्मचाऱ्याने’ असं आहे. मला वयस्क खटकलं.

किराणावाले काका घरी आले होते. आत या म्हटलं तर आले नाहीत. दारातच म्हणाले, “ताई, तुम्ही लिहून दिलंत म्हणे, आम्ही खोटं बोललो?”

“तसं नाही लिहिलं, काका. मी चुकीचं विचारलं असं लिहिलंय.”

“म्हणजे मी अडुसष्ट म्हटलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं?”

“हो.”

“मग सांगायचंत ना तसं. चोवीस वर्षं मी आपला उगाच कमी सांगत बसलो.” आणि गेले. त्यांना खरंच लागलंय. मला त्यांचं समाधान करता आलं नाही.

तुमच्याकडचा सुधारलेला आकडा डिसेंबरपर्यंत येईल असं तू लिहिलंस. आपण परत रेघेखाली गेलो तर संस्था जानेवारीपासून मदत सुरू करेल, असं केंद्राच्या डॉक्टरांनीही सांगितलं. म्हणजे प्रश्न मधल्या नऊ महिन्यांचा. केंद्र एका वेळचे चौदाशे घेणार आहे. तू विचारलंस, किती पाठवू. काही नको. आमचं भागतंय. माझी थोडी शिल्लक आहे, आणि तुझीच परिस्थिती आता कशी असेल ते मला कळतं. तू ‘टेबल बदललंय, बाकी सगळं ठीक आहे’ असं लिहितोस, ते तसंच राहू दे.

आईला मी चौदाशे सांगितलेले नाहीत. तीनशे सांगितलेत. तुला ती माहीत आहे. बसचं तिकीट वाचवायला दोन थांबे चालत जाणारी बाई, चौदाशे म्हटल्यावर यंत्रावर बसणारच नाही.

ताई


१२ मे

धाकट्या,

फोन करायला हवा होता. मुद्दाम केला नाही. फोनवर मी पुन्हा ‘भागतंय’ म्हणाले असते. कागदावर मला तेवढं सहज खोटं बोलता येत नाही, निदान हल्ली.

आई सध्या सरकारी रुग्णालयात आहे. धोका टळलाय असं डॉक्टर म्हणतात. आता काय झालं ते क्रमाने लिहिते.

एप्रिलभर मी तिच्याबरोबर जात होते. खिडकीवर पैसे मी भरायचे, ती आत जाऊन बसायची. महिनाअखेर चौकशीच्या तारखा मंगळवारी-शनिवारीच पडू लागल्या. मग शेजारीण तिला केंद्राच्या दारापर्यंत सोडायची आणि चार तासांनी घेऊन यायची. पैसे मी पाकिटात घालून आईकडे द्यायचे. पाकीट चिकटवलेलं. आईला सांगितलं होतं, खिडकीवर नुसतं दे, उघडू नकोस, आत पावतीही आहे.

आईने ते पहिल्याच दिवशी उघडलं. तीनशेऐवजी चौदाशे निघाले. तिला वाटलं मी चुकून जास्त घातले. खिडकीवरच्या माणसाला म्हणाली, “आम्हाला तीनशे आहेत ना?” तो हसला. म्हणाला, “आजी, तीनशेत इथे सुईसुद्धा टोचत नाहीत.” हे त्यानेच मला नंतर सांगितलं. फार ओशाळला होता बिचारा.

आई तशीच मागे फिरली आणि केंद्राच्या आवारातल्या बाकावर जाऊन बसली. चार तास बसली. शेजारीण यायच्या आधी तिने दंडावर कापूस ठेवून चिकटपट्टी लावली. चिकटपट्टी घरून नेली नव्हती, म्हणजे पहिल्या दिवशी ती तिने कुणाकडून तरी मागून घेतली असणार. घरी आल्यावर मी विचारलं, त्रास नाही ना झाला? म्हणाली, “छे, आज छान झालं.”

असं तीनदा केलं. दोन आठवडे तिच्या अंगातलं पाणी निघालं नाही. पाय सुजले, ती म्हणाली उन्हाने. धाप लागली, म्हणाली जिन्याने. मी रोज चौकशीला उत्तरं देत होते, त्यामुळे घरी आले की मला कुणी नुसतं ‘ठीक आहे’ म्हटलेलं पुरत होतं. चौथ्या वेळी शेजारणीला ती दारातच खाली बसलेली दिसली. ओठ निळे झाले होते.

कपाटात तिच्या लुगड्यांच्या घडीखाली तिन्ही पाकिटं सापडली. पैसे तसेच, एकही नोट कमी नाही.

काल ती नीट बोलली. मी उशाशी बसले होते. म्हणाली, “खरा भाव किती गं?”

“चौदाशे.”

“महिन्याचे?”

“कधी अकरा हजार दोनशे, कधी बारा हजार सहाशे. जितके मंगळवार-शनिवार येतील तसे.”

“आणि तुझा पगार?”

“चौकशी संपेपर्यंत निम्मा. साडेपंधरा.”

मला वाटलं आता म्हणेल, मला घरी ने, पुरे झालं. ती म्हणाली, “धाकट्याला काय कळवलंयस?”

“भागतंय म्हणून.”

“म्हणजे त्यालाही कमीच सांगितलंस.” मग माझा हात बाजूला सारला, रागावली की सारते तसा. “तुम्ही दोघं मला जपता आणि मी मरते. मला जगायचंय गं. ड्रायव्हर म्हणतो जानेवारीत फुकट होणार. मला तोवर जगायचंय. लिही त्याला.”

आई असं काही मागते हे मी पंचावन्न वर्षांत पाहिलेलं नाही. आम्हा दोघींनाही रडू आलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने आम्हाला पाणी दिलं.

तर लिहिते. भागत नाही. शिल्लक जूनअखेर संपेल. डिसेंबरपर्यंत महिन्याला साधारण बारा हजार फक्त यंत्राचे, औषधं वेगळी. ती कधी तीन, कधी चार. यातलं जास्तीत जास्त साडेतीन हजार मी काढू शकते. बाकीचे माझ्याकडे नाहीत, आणि मागायला तुझ्याशिवाय कुणी नाही. मी दमले आहे, धाकट्या. तिला जिन्यावरून चढवायलाही आता दोन माणसं लागतात.

हे वाचून तू लगेच पैसे पाठवशील आणि ‘माझं ठीक आहे’ असं लिहिशील. गेल्या तीन पत्रांत तू तेच लिहिलंयस, त्याच शब्दांत. तसं करू नकोस. नोकरी आहे की गेली, पगार किती येतो, जेवतोस काय, कुणाबरोबर राहतोस, सगळं जसं आहे तसं लिही. पाठवायला काही नसेल तर तेही लिही, मग आपण तिघं मिळून दुसरं काहीतरी बघू. आईने पेन मागून घेतलंय, खाली तिला तिच्या हाताने एक ओळ लिहायची आहे. खाटेवर पडूनच लिहिणार, म्हणून वेडीवाकडी दिसेल.

तुझी ताई

बाळा मला दोन किडन्या नाहीत, तुझं काय नाही ते कळव. आई